धामधूम : एका शब्दाचे दप्तर

गणेशोत्सवानंतर घरून आलेल्या पत्रात 'यंदा मोठी धामधूम झाली' असे वाक्य होते. त्याच सुमारास आम्ही मराठेशाहीचे कागद वाचीत होतो आणि तेथेही हाच शब्द पुनःपुन्हा भेटत होता. पत्रातील धामधूम आरास, पंगती आणि पाहुण्यांची. कागदांतील धामधूम मात्र फौजांची. शत्रू मुलखात शिरला, गावे ओस पडली, रयत परागंदा झाली, हे सारे जुना लेखक त्या एका शब्दात सांगून पुढे जातो.

आम्हां कारकुनांना या शब्दाचा दप्तरी उपयोग विशेष लक्षणीय वाटेल. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला आणि वतनदारापाशी सनद नसली, तर कागद धामधुमीत गहाळ झाल्याचे तो सांगे; मग पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांच्या साक्षी होऊन महजर होई. वसुलातही तेच. उजाड गावाची पुन्हा लावणी व्हावी म्हणून सरकार कौल देई. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, पुढे वर्षागणिक चढता. यास इस्तावा म्हणत. तात्पर्य, धामधूम हे केवळ वर्णन नव्हते. सूट मागण्याचे आणि देण्याचे ते मान्य कारण होते.

आज आम्ही राहतो ते बंगळूरही या शब्दाच्या छायेतून गेले आहे. १६३८ मध्ये आदिलशाही सेनापती रणदुल्लाखानाने हे ठाणे केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने ते जिंकले आणि पुढे तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. १७९१ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने टिपूकडून येथील किल्ला घेतला. त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूस होते. त्याच वर्षी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी साहाय्य पाठविले ते टिपूने. धामधूम करणारा नेहमी परका असतो, असे आपण वाचताना गृहीत धरतो. या प्रांतात तो परका आपणच होतो, हे येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्यांनी तरी विसरू नये.

पुढे फौजा गेल्या, शब्द राहिला. त्यातील लगबग आणि गोंगाट टिकले, भय मात्र गळून पडले. हिंदीतील 'धूमधाम' तर निव्वळ थाटाची. मराठीत मात्र 'धामधुमीचा काळ' म्हटले की जुनी अस्थिरता अद्याप जाणवते, आणि 'धूम ठोकणे' या प्रयोगात पळापळ स्पष्ट ऐकू येते.

मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराच्या देवळाच्या परिसरात १६६९ चा एक शिलालेख आहे. शहाजीपुत्र एकोजीराजांनी मल्लपूरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्यानंतर अवघ्या अठरा वर्षांत भोसल्यांचा अंमल येथून उठला. देणाऱ्याचे राज्य गेले, दानाची नोंद राहिली. तिच्यासाठी महजर करण्याची वेळ आली नाही.

घरच्या पत्राचे उत्तर आम्ही त्याच सायंकाळी लिहिले. 'धामधूम वाचून आनंद झाला' असे लिहिताना लेखणी क्षणभर अडली. पण शब्द बदलला नाही. ज्या शब्दाने एके काळी घरे सोडविली, तो आज आप्तेष्टांना घरी एकत्र आणतो, हेही त्याच्या दप्तरात नोंदले जावे.