जाळ, आर आणि फुफाटा

बार्बेक्यू हा शब्द मुळात माचाचा आहे. गच्चीवर लोखंडी जाळी मांडून पनीर भाजणाऱ्याला हे सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही, पण कॅरिबियन बेटांवरचे ताईनो लोक खुंट रोवून त्यांवर काटक्यांचा माच बांधत, त्याचं हे नाव. त्यावर मासे-मांस ठेवून खाली मंद विस्तव करायचा. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते ‘बार्बाकोआ’ असं टिपून ठेवलं. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीच्या १६९७ सालच्या प्रवासवर्णनात तर हा शब्द झोपण्याच्या संदर्भात येतो: जमिनीपासून तीनेक फूट उंच अशा माचावर मंडळींनी रात्र काढली. ग्रिलची कुळकथाही फार वेगळी नाही. लॅटिनमध्ये ‘क्रातिक्युला’ म्हणजे लहानशी विणलेली ताटी. फ्रेंचमधून ती इंग्रजीत आली आणि लोखंडाची झाली. दोन्ही नावं सामानाची. विस्तवाचा त्यांत पत्ता नाही.

आपल्याकडेही दरबारी पदार्थांची नावं बरीचशी अशीच पडली. अमरकोशात भाजलेल्या मांसाला शूलाकृत, भटित्र आणि शूल्य असे तीन शब्द दिले आहेत. त्यांतल्या दोहोंत शूल, म्हणजे सळई, सरळ दिसते. फारसीतली ‘सीख’ कबाबाच्या नावात जाऊन बसली. ज्याच्याकडे सळई, त्याच्या पदार्थाला सळईचं नाव. पण ज्याच्याकडे सळई नाही, जाळी नाही, तंदूर नाही, नुसतं पीठ, चार वांगी आणि रानातल्या गोवऱ्या आहेत, त्याने आपल्या जेवणाला काय म्हणावं?

याचं उत्तर जबलपुरात मिळतं. तिथे सुटीच्या दिवशी घरोघरची, मित्रांची टोळकी नर्मदेवर, ग्वारीघाट-तिलवाराघाटाकडे किंवा भेडाघाटच्या वाटेला निघतात, आणि बेत ठरलेला असतो: गक्कड-भर्ता. कणकेत मीठ, ओवा आणि तुपाचं मोहन घालून घट्ट मळायचं, मुठीएवढे गोळे करायचे, कंडे म्हणजे गोवऱ्या पेटवून जाळ ओसरू द्यायचा आणि त्या विस्तवात गोळे उलटसुलट करत भाजायचे. त्याच राखेत वांगी, टोमॅटो, लसूण. गोळ्याला तडा गेला की आतपर्यंत शिजला म्हणून समजावं. मग फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडायचा आणि तुपात बुडवायचा.

जबलपूरचं आणि मराठीचं नातं जुनं. १७८१ साली गढा-मंडल्याचं राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेलं, १७९८ मध्ये हा नर्मदाकाठ नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे १८७० साली मुंबईहून आलेला लोहमार्ग इथेच कलकत्त्याच्या मार्गाला जोडला गेला. या शहरातली मराठी घरं आजही गक्कडाला गक्कडच म्हणतात. नागपूरहून आलेला पाहुणा मात्र पहिला घास घेऊन म्हणतो, ‘अरे, हे तर आपले रोडगे!’ पदार्थापुरतं त्याचं खरं आहे. नावाची गोष्ट निराळी.

‘गक्कड’ ऐकायला ओबडधोबड आहे, पण घराणं मोठं आहे. बुंदेलखंडात त्याला गाकर, गकरिया म्हणतात. छत्तीसगडात अंगाकर रोटी. जुन्या हिंदीत अंगाकडी. ही साखळी मागे नेली की आपण भावप्रकाशापाशी पोचतो. भावमिश्राच्या १६व्या शतकातल्या या वैद्यकग्रंथात ‘अंगारकर्कटी’ नावाचा पदार्थ आहे. गव्हाचं पीठ घट्ट मळून वड्यासारखे गोळे करावेत आणि धूर नसलेल्या विस्तवावर सावकाश भाजावेत, अशी तिची कृती. आता उच्चारांचा हिशेब पाहा. संस्कृत ‘कर्कटी’ची मराठीत काकडी होते, हिंदीत ककडी. ‘अरण्य’ सुरुवातीचा अ गाळून ‘रान’ होतं, ‘अरघट्ट’ तसाच ‘रहाट’ होतो. हे दोन्ही बदल अंगारकर्कटीला लावले, मधला र झिजू दिला, की हातात गक्कड येतो. नर्मदेच्या काठावर राख झटकून जो गोळा आपण फोडतो, त्याच्या नावातल्या ‘ग’मध्ये अंगार शिल्लक आहे.

मराठीने हाच अंगार दोन रूपांत ठेवला. बोलीत त्याचा इंगळ झाला: धगधगता निखारा. ‘अंगारा’ हे रूप मात्र देवाच्या राखेकडे गेलं. त्यामुळे जबलपूरच्या मराठी घरात मोठी गंमत होते. हिंदीत अंगारा म्हणजे जळता कोळसा, मराठीत कपाळाला लावायची राख. दृष्ट लागलेल्या नातवाला आजी ‘ये, अंगारा लावते’ म्हणाली, तर शेजारच्या हिंदीभाषक मुलाने पळच काढावा.

रोडग्याचं नाव विस्तवावरून आलेलं नाही. ते रोट-रोटीच्या कुळातलं दिसतं, म्हणजे जाड, टणक भाकरीचं. शब्द जुना आहे. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडातला भवानीआईला बोललेला रोडग्याचा नवस महाराष्ट्रात लहानथोरांना माहीत आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला रोडगा आणि वांग्याचं भरीत लागतं, आणि चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा ताटात येतं. विदर्भातला पानगा पळसाच्या पानांत लपेटून गोवऱ्यांवर भाजतात, म्हणून त्याचं नाव पानावरून. गक्कड-भर्ता आणि रोडगे-भरीत ही जोडी मात्र दोन्हीकडे अभंग आहे, कारण एकाच विस्तवात दोन्ही होतं.

आता ‘भरीत’. भरलेलं ते भरीत, अशी सोपी व्युत्पत्ती सांगतात. पण भरली वांगी वेगळी आणि भरीत वेगळं, हे स्वयंपाकघरात कुणालाही कळतं. भरीतात कुणी काही भरत नाही. मला त्याचा ओढा अमरकोशातल्या त्या तिसऱ्या शब्दाकडे, भटित्राकडे दिसतो. ‘घोटक’चा घोडा होतो तसा भटित्राचा ट मऊ झाला, पुढे र झाला, शेवटचं जोडाक्षर सुटलं. अर्थही जुळतो: विस्तवावर भाजलेलं. १२व्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मांस भाजण्याच्या कृती हौसेने लिहिल्या. राजाच्या मुदपाकखान्यातला शब्द शेतकऱ्याच्या वांग्याला लागला असेल, तर भाषेच्या इतिहासात असा खांदेपालट नवा नाही.

पदार्थांची नावं इथवर. मराठीचं खरं धन दिसतं ते विस्तवाच्या नावांत. इंग्रजी पाककृतीत आच कमी, मध्यम, जास्त अशी मोजतात. चुलीपुढे बसणारीने ती मोजली नाही, तिच्या प्रत्येक अवस्थेला नाव दिलं. पेटत्या ज्वाळा म्हणजे जाळ. तो भांड्याखाली घालायचा. पाणी तापवावं, डाळ शिजवावी. उघडा पदार्थ जाळावर धरला की बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. जाळ बसला की उरतो निखारा, म्हणजे इंगळ. त्यावर कणीस, पापड, सळईवरचे तुकडे. निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरली की तो आर. भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर उभी करायची. तिथे ती फुगते, जळत नाही. आणि सगळ्यांत शेवटी फुफाटा: वरून निवलेली दिसणारी, आत धग धरून बसलेली राख.

‘आगीतून फुफाट्यात’ म्हणताना संकट वाढल्याचं आपण सांगतो, पण राख आगीपेक्षा वाईट कशी, याचा विचार करत नाही. आग दिसते, माणूस लांब राहतो. फुफाटा दिसत नाही, त्यात पाय सरळ आत जातो. राखेतून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणूनच आगपेटी महाग होती तेव्हा रात्रीचा निखारा राखेत पुरला की पहाटे जिवंत सापडे. माणसाला जो धोका, तोच रताळ्याला, कांद्याला, वांग्याला फायद्याचा. चहूबाजूंनी सारखी, मंद, न संपणारी धग. झाकणाच्या ज्या महागड्या ग्रिलची जाहिरात होते, ते हेच काम करतं.

जबलपूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पार गेलेला असताना आणि लू वाहत असताना, या फुफाट्याचा सगळ्यांत शहाणा उपयोग कैरीसाठी होतो. गक्कड काढून झाले की उरलेल्या गरम राखेत कैऱ्या पुरायच्या. साल काळी पडून सुरकुतली, बोटाने दाबल्यावर गर दबला, की काढायच्या. गार झाल्यावर साल सोलून गर कोळायचा. गूळ किंवा साखर, सैंधव, भाजलेलं जिरं, थंड पाणी. हिंदीत पना, मराठीत पन्हं, दोन्हींचा पूर्वज संस्कृत ‘पानक’. मराठी घरांत कैरी बहुधा उकडतात. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला धुराचा जो वास येतो तो उकडलेल्या कैरीला येत नाही.

मराठीत ‘भाजणे’ हा एकच शब्द सगळीकडे पुरतो. तव्यावर भाजतो, भट्टीत भाजतो, शेतात राब भाजतो, थालीपिठाची भाजणीही त्यातलीच. मुळाशी संस्कृत ‘भ्रज्ज्’ धातू, आणि भट्टीही ‘भ्राष्ट्र’ या त्याच्याच भाईबंदाची लेक. क्रियापद एक आणि विस्तव मात्र चार, अशी ही विभागणी आहे. इंग्रजीने नेमकं उलट केलं: भाजण्याच्या क्रियापदांची रांग लावली आणि विस्तवाला आकड्यांवर सोडलं.

म्हणून उन्हाळ्यात उघड्यावर काही भाजायचं ठरवलंत, तर यंत्र कोणतं घ्यावं हा प्रश्न दुय्यम आहे. ऊन उतरल्यावर चूल मांडा, वाळलं गवत दूर सारा, वारा पाठीशी घ्या, गोवऱ्यांवर रॉकेल ओतू नका, नाहीतर भरीताला त्याचाच वास येईल. वांग्याला आधी सुरीने टोचा, नाहीतर ते फुटतं. आणि भूक कितीही लागली तरी जाळ बसेपर्यंत हात मागे ठेवा. ‘धूर नसलेल्या विस्तवावर सावकाश’ हे भावमिश्राने वैद्य म्हणून लिहिलं होतं. आचाऱ्यालाही याहून जास्त काही सांगायचं नसतं.