सिंटालूटा कोणी वसवले?

कॅनडाच्या प्रेअरी मुलखातील लहान गावांविषयी एक मत इतके पक्के रुजले आहे की ते कोणी तपासून पाहतही नाही. ही गावे रेल्वेने जन्माला घातली, शेतकरी मागाहून आले आणि आयत्या गावात राहू लागले, असे ते मत. ते मांडणारे काही हौशी लोक नाहीत, जाणते अभ्यासकही त्यांत आहेत. म्हणून त्यांची बाजू आधी नीट मांडतो.

1881 साली मंजूर झालेल्या करारानुसार कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला सरकारकडून अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन मिळाली. मार्ग कुठून न्यायचा आणि गाडी कुठे थांबवायची, हे तिने ठरवले. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे. घोड्यांच्या गाडीने धान्य आणणाऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे लागे. त्यामुळे आठ-दहा मैलांवर एकेक स्टेशन, शेजारी धान्याचे उंच लाकडी कोठार, ज्याला तिथे एलिव्हेटर म्हणतात, आणि समोर कंपनीने आखून विकलेले प्लॉट. पुढे ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने तर स्टेशनांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानेच नावे दिली. यंग, झेल्मा, आणि वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट. ज्या गावाचे बारसेसुद्धा कंपनीच्या कचेरीत झाले, त्याचा जन्मदाता दुसरा कोण असणार?

युक्तिवाद देखणा आहे. त्यातली एकही वस्तुस्थिती मी नाकारत नाही. नाकारतो तो निष्कर्ष.

आधी कालक्रम पाहू. 160 एकरांचा तुकडा दहा डॉलर शुल्क भरून कसायला देणारा जमीन कायदा 1872 चा आहे. मैलामैलाचे चौकोन आखण्याचे काम त्याच्याही आधी, 1871 मध्ये सुरू झाले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनी तेव्हा अस्तित्वातच नव्हती! आणि ही जमीन मोकळी तरी होती का? 1874 मध्ये क्री, सोल्टो आणि असिनिबॉइन लोकांशी चौथा तह झाला. सिंटालूटाच्या दक्षिणेला आजही असिनिबॉइन लोकांची राखीव जमीन आहे; त्यांना सायप्रस टेकड्यांवरून हलवून तिथे आणले गेले. कंपनीने गावाला दिलेली जमीन आधी सरकारने कंपनीला दिली होती, आणि सरकारने ती कोणाकडून घेतली होती हे तहाच्या कागदावर लिहिलेले आहे. दुसऱ्याच्या मालावर दातृत्वाची कीर्ती मिळवणे सोपे असते.

आता सिंटालूटाकडेच वळू, कारण सर्वसाधारण विधानाची परीक्षा एका गावात होते. आजच्या सस्कॅचेवान प्रांतात, रेजायनाच्या पूर्वेला, कॅनेडियन पॅसिफिकच्या मुख्य मार्गावर हे गाव आहे. रूळ 1882 मध्ये आले. प्रतिपक्षाची गोष्ट इथे संपते. माझी इथून सुरू होते.

शेतकरी गहू घेऊन एलिव्हेटरवर येई. तिथला माणूस वजन करी, कचऱ्यापोटी कडता कापी, प्रत ठरवी आणि भाव सांगे. चारही गोष्टी एकाच्याच हातात. पटत नसेल तर रेल्वेचा डबा मागून त्यात स्वतः माल भरावा आणि थेट विनिपेगला पाठवावा, हा एकच मार्ग उरे. पण एलिव्हेटर असलेल्या ठिकाणी शेतकऱ्याच्या गाडीतून थेट माल घ्यायचा नाही, असा कंपनीचा शिरस्ता होता. 1900 च्या मॅनिटोबा धान्य कायद्याने तो मोडला, तरी कागदावरचा हक्क आणि फलाटाला लागलेला डबा यांत अंतर राहिलेच. 1901 मध्ये भरघोस पीक आले, डबे पुरेनात, आणि जे होते ते एलिव्हेटरवाल्यांकडे जाऊ लागले. त्याच डिसेंबरात शेजारच्या इंडियन हेडला विल्यम मदरवेल आणि मंडळींनी धान्य उत्पादकांचा संघ स्थापला. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. स्टेशनात मागणीवही असावी, ज्याचे नाव आधी त्याला डबा आधी, एलिव्हेटरवाला असो की एका गाडीचा शेतकरी.

सिंटालूटाच्या स्टेशनमास्तरने हा क्रम पाळला नाही. संघाने सरळ त्याच्यावर खटला भरला. कंपनीने बचावासाठी वकिलांची फौज उभी केली, तरी त्याला दंड झाला आणि वरच्या न्यायालयातही निकाल कायम राहिला. ज्यांना रेल्वेने जन्म दिला म्हणतात, त्यांनी रेल्वेलाच कायद्याच्या कठड्यात उभे केले.

आणि ते तिथेच थांबले नाहीत. 1905 च्या आरंभी गावकऱ्यांनी आपल्यातल्याच एडवर्ड पार्ट्रिजला विनिपेगच्या धान्यबाजारात पाठवले. पेशाने आधी शिक्षक, मग शेतकरी. बाजारात काय चालते ते पाहून तो परतला तो एकच म्हणत, अडत आपलीच हवी. जानेवारी 1906 मध्ये सिंटालूटातच सभा झाली आणि ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनीचा पाया घातला गेला. बाजारातली जागा विकत घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा गावातल्या काहींनी बँकेत स्वतःची हमी दिली. नफा सभासदांना मालाच्या प्रमाणात वाटण्याचा बेत कळताच बाजाराने कंपनीला त्याच वर्षी बाहेर काढले. मॅनिटोबा सरकारच्या दबावामुळे 1907 मध्ये परत घेतले. 1917 मधल्या विलीनीकरणातून तिची युनायटेड ग्रेन ग्रोअर्स झाली आणि ती शतकाच्या अखेरपर्यंत चालली. यातले काय रेल्वेने केले?

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा अजून शिल्लक आहे. रूळ उखडले की गाव मरते, तेव्हा प्राण रुळांतच होता, असे ते म्हणतात. शाखामार्गांवरची अनेक गावे तशी ओस पडली हे खरे. पण सिंटालूटाचे रूळ कोणी उखडले? मुख्य मार्गावर मालगाड्या आजही धावतात, शेजारून राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि वस्ती मात्र शंभर-सव्वाशेवर आली आहे. रेल्वे होती तिथेच आहे; गाव आटले. कारण उघड आहे. 160 एकरांची शेते जाऊन प्रांताची सरासरी दीड हजार एकरांच्या पुढे गेली, धान्य ट्रकने दूरच्या मोठ्या टर्मिनलकडे जाऊ लागले, आणि जिथे दहा कुटुंबे कसत होती तिथे एक उरले. शेतकरी कमी झाले म्हणून गाव कमी झाले. प्राण कुठे होता, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

उलट बाजूही पाहा. लॉइडमिन्स्टर 1903 मध्ये वसले. तिथले वसाहतवाले सस्कटूनला गाडीतून उतरले आणि पुढचा सगळा प्रवास बैलाघोड्यांच्या गाड्यांनी केला. रूळ 1905 मध्ये पोचले. बापाच्या आधी मूल, असा हा प्रकार प्रतिपक्षाने कसा बसवायचा ते त्यांनीच सांगावे.

रेल्वेवाचून गहू समुद्रापर्यंत गेला नसता, हे मी मान्य करतो. पण वाहतूकदाराला जन्मदाता म्हणण्याची रीत दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे? सिंटालूटाचा इतिहास लिहिणाऱ्याने 1882 खुशाल पहिल्या ओळीत लिहावे. तिथेच थांबायचे असेल, तर 1902 आणि 1906 का गाळले याचे कारण त्याने वाचकापुढे ठेवावे.