कोपनहेगनच्या कालव्यांतील कयाक

डेन्मार्कच्या कोपनहेगन राजधानींत हल्लीं भर हिवाळ्यांतहि जलाभेद्य पोषाख चढवून, वाटाड्यामागून ‘कयाक’ नांवाची निमुळती होडी वल्हवीत नगरदर्शन करतां येतें. कालव्यांचा ख्रिश्चन्सहाव्न भाग चवथ्या ख्रिश्चन राजानें वसविला. बोर्सेन ही व्यापारपेठेची इमारतहि त्यानेंच उभारली. तिचें शिखर २०२४ च्या एप्रिलांत आगीनें कोसळलें.

इमारती पाहतांना प्रवाशानें आपल्या होडीचाहि इतिहास विचारावा, असें आम्हांस वाटतें. ती मूळची इनुइट लोकांची. सीलच्या कातड्यानें सांगाडा मढवून, कातडी अंगरखा होडीच्या तोंडाशीं घट्ट आवळून ते बर्फाळ समुद्रांत शिकार करीत. आज जी मौज आहे, ती त्यांची उपजीविका होती.

१६०५ सालीं याच राजाच्या मोहिमेनें कांहीं इनुइटांस कयाकांसह बळजबरीनें कोपनहेगनास आणिलें. त्यांच्या वल्हविण्याचें तेथें कौतुक झालें. पण पुढें कांहींनीं त्याच होड्यांतून मायदेशीं पळून जाण्याचा यत्न केला, असें जुने वृत्तांत सांगतात.

ख्रिश्चन्सहाव्न हें नांव राजाची आठवण ठेवून आहे. त्या बंदिवानांची आठवण, आमच्या मतें, ‘कयाक’ या त्यांच्याच भाषेंतील शब्दांत आहे. आणि तो आज प्रत्येक प्रवाशाच्या तोंडीं आहे.