नावापत्त्याचे मोल

देवाणघेवाण हा मनुष्याच्या व्यवहाराचा पाया होय. परंतु आपण काय दिले हेच ज्यास ठाऊक नाही, त्याच्या व्यवहारास देवाणघेवाण म्हणावे काय, हा प्रश्न आज घरोघरी येऊन ठेपला आहे. पनवेल तालुक्यातील तळोजाचेच उदाहरण घ्या. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू होऊन हा भाग नवी मुंबईच्या मध्यभागाशी जोडला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने जाहीर केलेल्या २६,००० घरांच्या योजनेतही तळोजा होतेच. साहजिकच घराच्या शोधात असलेला मध्यमवर्गीय गृहस्थ आपल्या मोबाइलवर या गावाचे नाव लिहितो. मग घरबांधणीच्या, गृहकर्जाच्या, सामान हलविणाऱ्यांच्या जाहिराती त्याच्यामागे लागतात. तो बातमी वाचीत असो वा पाककृती, त्या तेथेही हजर असतात.

हा प्रकार नवा दिसला, तरी त्याची मुळे जुनी आहेत. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' निघाले आणि मराठी वृत्तपत्रांचा आरंभ झाला. वृत्तपत्रातील जाहिरात ही भर बाजारात दिलेल्या दवंडीसारखी असते; ऐकणारा कोण आहे, हे दवंडीवाल्यास ठाऊक नसते. पुढे टपालाने ही स्थिती पालटली. १८७७ साली या देशात व्ही. पी. ची पद्धत सुरू झाली आणि दूरच्या खेड्यातील गिऱ्हाइकास वस्तू हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय झाली. याच तळोजाशेजारच्या पनवेलात १८७२ साली धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला होता; अशा उद्योगांचा तो उदयकाळ. टपालाने औषध मागविणारा मनुष्य आपले नाव, गाव आणि पुष्कळदा आपला विकारही पत्रात लिहून कळवी. म्हणजे खासगी माहिती दुकानदाराच्या स्वाधीन करण्याचा प्रघात आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचाच आहे.

या व्यवहारातून कित्येकदा चांगलेही निपजले. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेली 'किर्लोस्कर खबर' मूळची कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस देण्यासाठी होती. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' हे मासिक झाले व सुशिक्षित कुटुंबांत आवडीने वाचले गेले. परंतु तेथे माहिती कोणाकडे गेली हे वेष्टनावर छापलेलेच असे. पत्र लिहिणे न लिहिणे आपल्या हाती होते, आणि जे लिहिले नाही ते कोणास कळत नसे.

१९९४ साली 'कुकी' नावाची लहानशी युक्ती निघाली. संकेतस्थळावर पुन्हा आलेला मनुष्य तोच आहे हे संगणकास ओळखता यावे, एवढाच तिचा मूळ उद्देश. त्याच वर्षी इंटरनेटवर जाहिरातीचे पहिले फलक झळकले. २००० साली गूगलने शोधलेल्या शब्दांस अनुसरून जाहिराती दाखविण्यास आरंभ केला. येथवर तरी जो विचारी त्यासच उत्तर मिळे. पण पुढे एका ठिकाणची खूण दुसऱ्या ठिकाणी ओळखण्याची सोय झाली आणि खूण पाळत ठरली. आता पान उघडताच वाचकाविषयीची माहिती अनेक जाहिरातदारांच्या यंत्रांकडे जाते, निमिषार्धात लिलाव होतो, व जास्त बोली करणाऱ्याची जाहिरात समोर येते. त्या लिलावात जिन्नस म्हणून उभे असतो आपण, आणि आपणास त्याचा पत्ताही नसतो.

यात लाभ काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. नकाशे, टपाल, बातम्या विनामूल्य मिळतात त्या याच उत्पन्नावर. तळोजातील लहान दुकानदारासही थोड्या पैशांत जवळचे गिऱ्हाईक गाठता येते. परंतु न सांगितलेलेही येथे ताडले जाते. कोणास कर्जाची निकड आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे वागण्यावरून अनुमानले जाते, आणि मनुष्य जेव्हा सर्वांत अगतिक असतो नेमक्या त्याच वेळी विकणारा दारात उभा राहतो. सोयीची म्हणून मानलेली जाहिरात तेव्हा अडचणीचा फायदा घेणारी ठरते.

कायद्यास जाग आली ती उशिरा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने संमती मोकळी, विशिष्ट व समजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणेही सोपे असावे, असे सांगितले. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांस लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस त्यात मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधनांस त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

तथापि 'मान्य आहे' या दोन शब्दांवर न वाचता बोट ठेवण्याची सवय आहे तोवर संमतीचा अर्थ कागदावरच राहील. भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी घासाघीस करणारी आपली गृहिणी या सौद्यात मात्र भाव विचारीत नाही, कारण भाव तिला सांगितलाच जात नाही. तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य होय. पण विचारण्याची सवय घरातूनच लागली पाहिजे. मुलांच्या हाती मोबाइल देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी एवढे तरी त्यांस सांगावे, की आपले नाव-गाव ही चीजवस्तू आहे आणि ती देताना घेणारा कोण, हे पाहून घ्यावे.