एका पाण्यात अनेक पिके

आपल्या शालेय इतिहासात अरबी समुद्रावरील आरमार येते, जलदुर्ग येतात, परदेशी व्यापाऱ्यांची गलबते येतात. परंतु ज्यांनी खाडीचे खारे पाणी बांधांनी अडवून त्याच जमिनीतून भात आणि मासळी अशी दोन्ही पिके काढली, त्या कष्टकऱ्यांचा उल्लेख क्वचितच येतो. त्यांचाही इतिहास मुलांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शेजारच्या गोव्यातील खाजण जमिनी हे या विद्येचे उत्तम उदाहरण होय. चिखल, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून त्यांत लाकडी दारांची 'मानस' बसवीत. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटत आणि ओहोटीला उघडत. पावसाने जमिनीतील खार धुतला की भात उभे राही. कापणीनंतर खारे पाणी आत घेत. त्याबरोबर कोळंबी, बोईट, काळुंदर यांची पिल्ले येत. केरळातील पोक्कळी शेतीतही भातानंतर नोव्हेंबर ते एप्रिल कोळंबी वाढवितात. भाताची कुजलेली खुंटे कोळंबीच्या खाद्याला उपयोगी पडतात आणि कोळंबीची विष्ठा पुढील भाताला खत होते. रायगड जिल्ह्याच्या खारेपाटातील तळ्यांत जिताडा वाढविण्याची चाल याच परंपरेतील आहे.

या सर्वांमागील तत्त्व एकच : एकाने टाकलेले ते दुसऱ्याचे अन्न.

१९९० नंतर अधिक नफ्याच्या आशेने अनेक ठिकाणी हे तत्त्व बाजूस पडले. तळ्यांत एकाच जातीची कोळंबी दाटीने वाढविली जाऊ लागली. १९९४ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि पूर्व किनाऱ्यावरील असंख्य तळी ओस पडली. कर्ज काढून तळी खोदणारे लहान शेतकरी त्यात बुडाले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील अशी तळी मोडण्याचा आदेश दिला. पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धतींना मात्र त्यातून वगळले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान शास्त्रज्ञही याच तत्त्वाकडे वळले होते. अमेरिकेतील वुड्स होल येथे जॉन रायथर यांनी १९७० च्या दशकात सांडपाण्यावर सूक्ष्म शेवाळ, त्यावर कालवे आणि उरलेल्या क्षारांवर समुद्री शेवाळ अशी साखळी उभी केली. कॅनडात सामन माशांच्या पिंजऱ्यांजवळ शिणाणे आणि समुद्री शेवाळ वाढविण्यात आले. तामिळनाडूत मंडपमजवळ केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कोबिया माशाच्या पिंजऱ्याभोवती समुद्री शेवाळाचे बांबूचे तराफे लावून दाखविले. माशांच्या उरलेल्या खाद्यातून व विष्ठेतून पाण्यात विरघळणारे क्षार शेवाळ शोषून घेते. तरंगणारे बारीक कण शिणाणे व कालवे गाळून घेतात. पाणी निवळते आणि एकाच जागेत दोन-तीन उत्पन्ने निघतात. एका पिकाचा भाव पडला तरी दुसरे हात देते.

आपल्या रत्नागिरीस हे सारे जवळचे आहे. भाट्याच्या व काळबादेवीच्या खाड्यांत ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या गोळा करणाऱ्या भगिनी आपण पाहतोच. मात्र दोन अडचणी आहेत. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते आणि त्यात शिणाणे मरतात. म्हणून केरळात पडन्ना येथे नोव्हेंबर-डिसेंबरात दोरांना बी बांधून पावसापूर्वीच पीक काढतात. दुसरी अडचण माणसाने निर्माण केलेली आहे. शिंपला पाण्यातील घाणही आपल्या अंगात साठवितो. त्यामुळे खाडीत सांडपाणी सोडणारे गाव आपल्याच शेतात विष कालविते.

आपले तरुण पूर्वी मुंबईला, जहाजांवर, पुढे आखातात गेले. त्यांच्या कमाईवर कित्येक घरे उभी राहिली, हे नाकारता येणार नाही. परंतु दालदी, खारवी, गाबीत या दर्यावर्दी समाजांच्या मुलांना गावातच मानाची भाकरी मिळत असेल, तर तो मार्ग पालकांनी अवश्य तपासावा. शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. २०२३ च्या दुरुस्तीने शिंपले, समुद्री शेवाळ व पिंजऱ्यातील मत्स्यशेती किनारी मत्स्यशेतीच्या कायद्याखाली आली आहे. विद्यार्थी मित्रांनो, बारावीला शास्त्र शाखा घेताना केवळ डॉक्टर व इंजिनिअर हीच दोन नावे डोळ्यांसमोर ठेवू नका. बांधावरच्या अनुभवाला प्रयोगशाळेतील ज्ञानाची जोड देणारी मुले-मुली आपल्या किनाऱ्याला हवी आहेत.