पत्रकाच्या तळाची ओळ

निवडणुकीचे पत्रक हातात आले की नजर आधी फोटोवर जाते, मग चिन्हावर आणि मग ठळक अक्षरांतल्या आश्वासनांवर. तळाशी, कडेला चिकटून, बारीक टाइपात आणखी एक ओळ असते: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, प्रती किती. ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातल्या प्रचाराचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर मात्र पत्रकातली सगळ्यात मोलाची ओळ हीच ठरते. प्रचारात खरे किती आणि खोटे किती, हे ठरवणारा पंच कुठेच मिळत नाही, आणि सरकारने तो नेमूही नये. पण जे छापले ते कोणी छापले आणि कोणाच्या पैशाने, हे सांगायला लावणे समाजाच्या हातात आहे. जिथे बोलणाऱ्याचे नाव शब्दाला चिकटून राहिले, तिथे जाब विचारता आला. जिथे नाव गळले, तिथे खोटेपणाला रान मोकळे मिळाले.

रत्नागिरीची नगरपालिका १८७६ सालची. सुरुवातीचे सभासद सरकारनियुक्त होते. लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव आणि त्यापाठोपाठ मुंबई इलाख्यात आलेला १८८४ चा कायदा यांमुळे निवडून आलेले सभासद पालिकांत बसू लागले. तेव्हाचा मतदार म्हणजे कर भरणारा, घरदार असलेला, मोजका माणूस. अशा निवडणुकीत प्रचार व्हायचा तो ओटीवर, वकिलांच्या बाररूममध्ये आणि देवळाच्या सभामंडपात. छापील शब्द रत्नागिरीत त्याआधीच पोचला होता. एकोणिसाव्या शतकात इथून ‘जगन्मित्र’ आणि ‘सत्यशोधक’ ही पत्रे निघत होती आणि छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण घालण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने आली होती. ती सक्ती मतदाराच्या भल्यासाठी आलेली नव्हती. छापखान्यांवर नजर ठेवणे ही परकीय सरकारची गरज होती. तरीही छापलेल्या शब्दाला धनी हवा, ही सवय त्या कायद्याने लावली आणि पुढे लोकशाहीने ती आपल्या कामासाठी वापरली.

मतदार वाढू लागले तसा प्रचार ओटीवरून रस्त्यावर आला. १९२० साली भारतीय दंडसंहितेत निवडणूक गुन्ह्यांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, खोटे आहे हे माहीत असताना, निकालावर परिणाम व्हावा म्हणून विधान करणे हा त्यात गुन्हा ठरला. या प्रकरणातल्या ‘निवडणुकी’त कायदेमंडळांबरोबर नगरपालिकाही धरलेल्या होत्या. आज हेच कलम भारतीय न्याय संहितेत १७५ व्या क्रमांकावर आहे आणि शिक्षा तेव्हासारखीच फक्त दंडाची आहे. कायद्याने रेघ कुठे ओढली हे नीट पाहण्यासारखे आहे. मत, टीका, धोरणावरचा हल्ला, वाटेल तेवढी आश्वासने, हे सगळे त्याने मोकळे सोडले आणि माणसाविषयीच्या जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानालाच हात घातला. रेघ योग्य जागी आहे. पण विधान करणारा सापडलाच नाही तर कलम चालवायचे कोणावर? म्हणजे खोट्याविरुद्धचा कायदाही शेवटी त्या तळाच्या ओळीवरच उभा आहे.

आश्वासनांच्या प्रामाणिकपणाचे सर्वांत उजळ उदाहरण याच जिल्ह्याशी बांधलेले आहे. रत्नागिरी हा खोतीचा जिल्हा. गावचा सारा गोळा करणारा खोत आणि त्याच्यापुढे वाकलेले कूळ, ही इथल्या खेड्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रचना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. खोतीखालच्या कुळांना संरक्षण देणारा कायदा करू, असे त्या पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात लिहून दिले. १९३७ च्या निवडणुका झाल्या आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. ते विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तरीही शब्द आणि कृती यांत अंतर पडले नाही. पक्ष विरोधी बाकांवर होता, संख्याबळ अपुरे होते, म्हणून यश आले नाही. वचन मोडणे वेगळे आणि वचनासाठी लढून हरणे वेगळे. हा फरक आज आपल्याला करता येतो, कारण जाहीरनामा छापील आहे, त्यावर पक्षाचे नाव आहे आणि विधेयकाची तारीख कायदेमंडळाच्या दप्तरात आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढाला मत मिळाले आणि प्रचाराची भाषाच पालटली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि त्या पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. वाचता न येणाऱ्या मतदारासाठी चिन्ह हेच नाव झाले. मग भिंती चिन्हांनी रंगल्या आणि पत्रकांचे गठ्ठे छापखान्यांतून बाहेर पडू लागले. या गठ्ठ्यांना वळण लावण्यासाठी १९६१ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२७ अ हे कलम आले. ते किती बारकाईने लिहिले आहे पाहा. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते पत्रकाच्या दर्शनी भागावर हवेत. छापण्याआधी प्रकाशकाने सहीचे प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत द्यायचे आणि त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकन करायचे. छपाई झाल्यावर त्या प्रतिज्ञापत्राची एक प्रत आणि पत्रकाची एक प्रत जिल्हादंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसती सभेची तारीख, वेळ आणि जागा कळवणाऱ्या पत्रकाला सूट. आणि छपाई कशाला म्हणायचे? हाताने नक्कल करणे सोडून प्रती वाढवण्याची कोणतीही रीत. हे कलम संसद आणि विधानसभेच्या निवडणुकांचे. पुढच्याच वर्षी, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्रचार वाडीवाडीत गेला. १९९४ साली स्थापन झालेल्या राज्य निवडणूक आयोगाकडे आज नगरपरिषदांपासून ग्रामपंचायतींपर्यंतच्या निवडणुकांची जबाबदारी आहे, आणि हीच शिस्त तिथेही राखणे हे त्याचे काम आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की नाव छापल्याने काय होते? नावानिशी दिलेली आश्वासनेही मोडतातच की. आणि त्याचा दाखलाही याच जिल्ह्यात आहे. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत गुहागर तालुक्यातला दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही शिवसेना-भाजप युतीची घोषणा राज्यभर गाजली. युतीचे सरकार आले, त्याने ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द केला आणि १९९६ च्या जानेवारीत फेरवाटाघाटींनंतर तोच प्रकल्प दुसऱ्या टप्प्यासह मान्य केला. वीज आधीपेक्षा स्वस्त पडेल, असे सरकारचे समर्थन होते. ते समर्थन पटो वा न पटो, सरकारला ते द्यावे लागले, हे महत्त्वाचे. घोषणा जाहीर सभांतली होती, बोलणारे व्यासपीठावर सर्वांसमोर उभे होते, म्हणूनच विधिमंडळात, वृत्तपत्रांत आणि गुहागरच्या गावांत वर्षानुवर्षे जाब विचारला गेला. नाव असले म्हणजे वचन पाळले जातेच असे नाही. पण नाव नसेल तर ते मोडले असे म्हणायलाही समोर कोणी नसते.

दुसरा आक्षेप लहान गावाचा. प्रभागात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे पत्रकाने कोण फसतो? ओळखीवर एवढा विश्वास टाकता येत नाही, हे २०१४ च्या लोकसभा निवडणुकीने दाखवले. रायगड मतदारसंघात रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ येतात. तिथे अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा अवघ्या २,११० मतांनी पराभव केला, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली. त्या अपक्षाचा उमेदवारीचा हक्क निर्विवाद होता आणि त्यातले प्रत्येक मत चुकून पडले असेही म्हणता येत नाही. पण परिचित नावही मतदानयंत्रासमोर गोंधळात टाकू शकते, एवढे त्यातून नक्की दिसते. पुढच्याच वर्षापासून लोकसभा-विधानसभेच्या मतपत्रिकेवर उमेदवारांची छायाचित्रे आली. शिवाय गावात उमेदवार ओळखीचा असतो. त्याच्या प्रचाराचा पैसा ओळखीचा असतोच असे नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. निनावी पत्रक हे दुबळ्याचे हत्यार असते. ज्या गावात खोताविरुद्ध बोलले की जमीन जायची, तिथे कुळाने नाव घालून कसे लिहायचे? या प्रश्नामागचे भय खरे आहे. अन्यायाची तक्रार करणाऱ्याला नाव झाकण्याची मुभा असलीच पाहिजे, आणि तक्रारींसाठी ती असावी. निवडणुकीत मात्र दुबळ्यासाठी लोकशाहीने आधीच आडोसा उभा केला आहे, तो म्हणजे गुप्त मतदान. गुप्तता मतदाराच्या हक्काची आहे. मत मागणाऱ्याने ती मागू नये. निनावी पत्रकाचा इतिहासही दुबळ्याच्या बाजूने साक्ष देत नाही. छपाईला, वाटायला, रातोरात दारोदार टाकायला पैसा आणि माणसे लागतात आणि ती बहुधा बळकटाकडे असतात. शिवाय असे पत्रक मतदानाच्या आदल्या रात्री येते, जेव्हा ज्याच्यावर चिखल उडाला त्याला उत्तर द्यायला वेळ उरलेला नसतो. खरे दुबळे कसे लढले ते १९३८ च्या मोर्चात दिसले: दिवसाउजेडी, आपल्या मागण्यांसह.

आज प्रश्न अधिक बिकट झाला आहे. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातल्या नगरपरिषदांसाठी मतदान झाले, त्यात रत्नागिरीही होती. आधीच्या परिषदेची मुदत संपून जवळजवळ चार वर्षे झाली होती आणि तेवढा काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. अशा वेळी रस्ता कोणी केला, शीळ धरणाचे पाणी कोणत्या भागात कोणाच्या प्रयत्नाने पोचले, याचे श्रेय कोणीही फ्लेक्सवर घेऊ शकतो. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीला तर तळाची ओळच नसते. कायदा लिहिणाऱ्यांनी हाताने केलेली नक्कल सोडली होती, कारण हात थकतो. बोटाच्या एका स्पर्शाने हजार प्रती होतील, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. दूरचित्रवाणीवरच्या राजकीय जाहिराती सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात. स्थानिक प्रचारात मात्र खरेखोटे तपासणारी कचेरी उघडण्याची गरज नाही. ती सत्ताधाऱ्यांच्या हाती गेली तर रोगापेक्षा औषध जड होईल. गरज आहे ती जुना नियम नव्या कागदाला लावण्याची: प्रत्येक फ्लेक्सवर, प्रत्येक चित्रफितीवर प्रकाशकाचे नाव, आणि कामाचा दावा असेल तर ठरावाची तारीख व निधी कुठला ते. नगरपरिषदेचे ठराव हे सार्वजनिक दप्तर आहे. तारीख दिली की कोणीही जाऊन पडताळू शकतो.

कायदा इथपर्यंतच नेऊ शकतो, पुढचे काम वाचणाऱ्याचे. पुढच्या निवडणुकीत दारात पत्रक पडेल तेव्हा फोटो आणि चिन्ह पाहण्याआधी ते उलटेसुलटे करून तळाची ओळ शोधा. ती नसेल, तर वर लिहिलेले एक अक्षरही खरे धरू नका आणि ते पत्रक पुढच्या घरी देऊ नका.