रिमोट घेतो, नंबर सांगा

मार्च महिना उजाडला की तालुक्याच्या गावातल्या दुकानांतून एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘एनीडेस्क उघडा आणि नंबर सांगा, मी रिमोट घेतो.’ फोनवर असतो शहरातला अकाउंटंट, नाहीतर टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा सपोर्टवाला. दुकानदार चष्मा सावरत नऊ-दहा आकडे वाचून दाखवतो, परवानगीचं बटण दाबतो आणि हात मांडीवर ठेवून बसतो. माउसचा बाण आपोआप पडद्यावर फिरू लागतो. यात आता कुणालाच नवल वाटत नाही. पण आपल्या जागेवर बसून दुसरीकडचं यंत्र चालवण्याची ही युक्ती आज ज्याला आपण संगणक म्हणतो, त्याच्याही आधीची आहे.

११ सप्टेंबर १९४०. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांचं संमेलन भरलं होतं. बेल लॅब्जच्या जॉर्ज स्टिबिट्झने टेलिफोनचे रिले जोडून एक गणनयंत्र बनवलं होतं, पण ते होतं न्यूयॉर्कमध्ये. तेवढं धूड उचलून आणण्यापेक्षा त्याने सभागृहात एक टेलिटाइप ठेवला, तारेने तो यंत्राला जोडला आणि जमलेल्यांना संमिश्र संख्यांची गणितं घालायला सांगितलं. शेकडो किलोमीटरवरून उत्तरं कागदावर टकटक उमटू लागली. श्रोत्यांत गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर होता आणि पुढे एनिअ‍ॅक या संगणकाचा एक जनक ठरलेला जॉन मॉकलीही.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटची सुरुवातही अशीच झाली. २९ ऑक्टोबर १९६९च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात ‘लॉगिन’ करू पाहत होता. एल पोचला, ओ पोचला, आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. तासाभराने ते जमलं. म्हणजे या जाळ्यावरून गेलेला पहिला शब्द कुणाला पाठवलेला निरोप नव्हता, दुसऱ्याच्या यंत्रात शिरण्यासाठी वाजवलेली कडी होती.

हे सगळं अक्षरांचं. अख्खा पडदाच, खिडक्या नि चित्रांसकट, दूर नेण्याची गोष्ट घडली ती प्रामुख्याने इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये, आणि ती जरा सावकाश सांगण्याजोगी आहे.

अँडी हॉपर आणि हर्मन हाउझर यांनी १९८६मध्ये तिथे ऑलिव्हेट्टी कंपनीची संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. तिथली माणसं कपड्यावर एक बिल्ला लावून फिरत. दर पंधराएक सेकंदांनी तो इन्फ्रारेडचा एक संकेत सोडी, खोल्यांतले सेन्सर तो टिपत, आणि कोण कुठे आहे ते कळे. मूळ उपयोग साधा होता : फोन आला तर तो माणूस असेल त्या खोलीत जोडून द्यायचा. पण फोन माणसामागून जातो, तर कामाचं टेबल का नाही जाणार? १९९४मध्ये ट्रिस्टन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी ‘टेलिपोर्टिंग’ची योजना मांडली. उघडलेल्या खिडक्या होत्या तशा माणसाच्या मागोमाग दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर बोलावता येत.

त्या काळी युनिक्सच्या जगात ‘एक्स’ ही खिडक्यांची प्रणाली रुळली होती. १९८४मध्ये ती अमेरिकेत एमआयटीत जन्मली. तीत दूरचा प्रोग्राम जवळच्या पडद्याला सांगे : इथे रेघ ओढ, तिथे अक्षर लिही. पडद्याचा संगणक बंद पडला की प्रोग्रामचाही जीव जाई. केंब्रिजकरांनी पुढे व्हीएनसी ही दूरचा पडदा दाखवणारी प्रणाली बनवली, तेव्हा हा सगळा संवादच मोडीत काढला. सर्व्हरने, म्हणजे दूरच्या संगणकाने, फक्त एवढंच सांगायचं : या जागी, एवढ्या लांबी-रुंदीचा, अशा रंगांचा चौकोन ठेव. खिडकी सरकवली असेल तर : तिथला चौकोन उचलून इथे ठेव. बस्स. पाहणाऱ्या प्रोग्रामने काहीच लक्षात ठेवायचं नाही. तो इतका लहान झाला की फ्लॉपीवरून चाले. आणि काही लक्षात ठेवत नसल्यामुळेच तो मध्येच बंद पडला तरी काही बिघडत नसे. अर्धं वाक्य टाइप करून माणसाने उठावं, दुसऱ्या शहरातल्या संगणकावरून जोडून घ्यावं, तर कर्सर त्याच अक्षरापाशी लुकलुकत असे. या गटातल्या क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझरचं नाव आणखी एका उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. कॉफीच्या भांड्यात कॉफी उरली आहे की नाही, हे जागेवरून न उठता कळावं म्हणून त्याने १९९१मध्ये एका सहकाऱ्याबरोबर भांड्यावर कॅमेरा लावला होता. आळस आणि बुद्धी एकत्र आली की असं होतं.

१९९८मध्ये व्हीएनसी सर्वांना मोफत खुली झाली. प्रयोगशाळा नंतर एटी अँड टीकडे गेली आणि २००२मध्ये बंद पडली. त्याच वर्षी तिथल्या काही जणांनी रिअलव्हीएनसी ही कंपनी काढली.

मायक्रोसॉफ्टचा रस्ता वेगळा. आयबीएम सोडलेल्या एड याकोबुच्चीने १९८९मध्ये सिट्रिक्स काढली होती. एका विंडोज यंत्रावर एकाच वेळी अनेकांनी काम करण्याचं तिचं तंत्र मायक्रोसॉफ्टने १९९७मध्ये परवान्यावर घेतलं आणि पुढच्या वर्षी ‘टर्मिनल सर्व्हर’ बाजारात आणला. २००१च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये ‘रिमोट डेस्कटॉप’ आलं. मात्र एका वेळी एकानेच काम करायचं. दुरून मालक आत आला की टेबलावरच्या पडद्याला कुलूप. स्वस्तातल्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने बाहेरून आत येण्याची सोयच नव्हती.

खरी डोकेदुखी मांडणीची होती. घरचा राउटर बाहेरून आलेल्याला आत सोडत नाही. त्यासाठी विंडोजचा ३३८९ किंवा व्हीएनसीचा ५९०० हा पोर्ट हाताने उघडून द्यावा लागे. अनेकांनी तो उघडला आणि विसरून गेले. जुन्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं जमेस धरली जात. मे २०१९मध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ नावाचं भगदाड सापडलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून किती दारं सताड उघडी असतील याचा अंदाज यावा.

ती डोकेदुखी दोन जर्मन कंपन्यांनी बऱ्याच अंशी मिटवली : २००५मध्ये ग्योपिंगेनमध्ये निघालेली टीमव्ह्यूअर आणि नंतरची श्टुटगार्टची एनीडेस्क. युक्ती अशी की कुणीच कुणाच्या दारात जायचं नाही. दोन्ही संगणक आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतात आणि मधला हा ऑपरेटर त्यांची गाठ घालून देतो. राउटर बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. उरला तो फक्त एक नंबर. इतकं सोपं झालं की घरातल्या आजोबांनाही जमू लागलं, आणि ते भामट्यांच्याही लक्षात आलं. फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं : मोबाइलवर एनीडेस्क घ्यायला लावून, नऊ आकडी कोड विचारून, यूपीआयमधून पैसे काढले जात आहेत. या चोरीत कुलूप फोडावं लागत नाही. परवानगीचं बटण मालक स्वतःच दाबतो.

दुकानात मात्र व्यवहार पूर्वीसारखाच चालू आहे. नंबर यंत्राला चिकटलेला असतो, माणसाला नाही. त्यामुळे संगणक बदलला की सगळं पुन्हा करावं लागतं : प्रोग्राम टाकायचा, पासवर्ड ठेवायचा, अकाउंटंटला कळवायचं. मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे जुने आकडे खोडून खाली नवे लिहिले जातात.